बोललेले आणि लिहिलेले : खानदेशातल्या जबाबाचा इतिहास

आबांची फिर्याद मला तोंडपाठ आहे. तिची पिवळी पडलेली नक्कल आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत, जातीच्या दाखल्यांच्या खाली ठेवलेली असे. शाळेत असताना मी ती इतक्या वेळा वाचली की आजही डोळे मिटून म्हणता येईल : ‘समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की, सायंकाळी १९.०० वाजण्याचे सुमारास मी सार्वजनिक नळावर पाणी भरीत असताना यातील आरोपी मजकूर याने मला जातीवाचक शिवीगाळ करून, धक्का मारून खाली पाडले.’ आणि अगदी शेवटी, ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली आबांची सही. सही म्हणजे तीन अक्षरे, तीही एकमेकांना न चिकटलेली.

आबा दुसरी शिकलेले. ‘१९.०० वाजण्याचे सुमारास’ हे शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारले नसतील. ते जे बोलले ते असे होते : ‘दिन बुडना व्हता. मी नयवर उभा व्हतू. त्यानी माले शिव्या दिध्यात. माले धक्का लागना, मी पडनू.’

ही गोष्ट १९९९ सालची, तापीकाठच्या एका गावातली. खटला उभा राहायला चार वर्षे गेली. साक्षीच्या पिंजऱ्यात आबा अहिराणीतच बोलले, कारण त्यांच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. बचावाच्या वकिलांनी विचारले, धक्का मारला की लागला? आबा म्हणाले, लागना. मग पोलिसांना ‘मारला’ असे का सांगितले? मी तसं नही सांगं. म्हणजे पोलिसांनी खोटे लिहिले का? आबा गप्प. तुमच्याकडे घड्याळ होते का? नव्हतं. मग सात वाजले हे कसे कळले? आबांनी खिडकीबाहेर बघितले, जणू सूर्य अजून तिथे साक्षीला उभा असावा. शिव्या कोणत्या दिल्या? आबांनी त्या सांगितल्या. पण फिर्यादीत ते शब्द नव्हते, तिथे फक्त ‘जातीवाचक शिवीगाळ’ होती. नेमके शब्द आज पहिल्यांदाच येत आहेत, ही नंतर सुचलेली सुधारणा आहे, असे वकिलांनी मांडले. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारले, ‘काय रे भाऊ, मी काय खोटं बोलनू का?’

पुढे मी शिकलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो, आता महाविद्यालयात इतिहास शिकवतो. त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मला खानदेशच्या इतिहासाकडे जावे लागले. निकालाविषयी माझी तक्रार इथे मांडायची नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, जबाब नावाचा जो कागद असतो, तो नेमका कुणाचा असतो?

एक काळ असा होता की आमच्या माणसाचे तोंडी सांगणेच पुरावा होते. गावाची शीव कुठून कुठे जाते हे महाराने सांगायचे आणि त्यावर वाद मिटायचा, ही महाराष्ट्रभरची रीत. महारवतनाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. त्या वतनाने आम्हाला काय दिले आणि काय काढून घेतले ते बाबासाहेबांनी सांगितले आहे, आणि १९५८ च्या कायद्याने ते गेले ते बरेच झाले. पण एक गोष्ट त्यात होती. गावाची स्मृती अस्पृश्याच्या तोंडी होती आणि ज्या बोलीत ती साठली त्याच बोलीत ती ऐकली जाई. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला, धुळ्याला कॅप्टन ब्रिग्ज बसला, आणि हळूहळू स्मृती कागदावर गेली. १८५२ साली सरकारी मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोलकडे लोक तिच्याविरुद्ध उठले. ती चळवळ साऱ्याच्या भीतीची होती. तरी तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघता येते : आपली जमीन दुसऱ्याच्या अक्षरात चालली आहे, हेही त्या लोकांना दिसले असेल.

हे दुसऱ्याचे अक्षर कसले होते? कचेरीची मराठी ही कुणाच्याच घरी बोलली जात नव्हती. फिर्याद, जबाब, मजकूर, इसम, दाखल, हे शब्द फारसी-अरबी दफ्तरातून आलेले. त्यांची वाक्यरचना मोडी लिहिणाऱ्या कारकुनांची. त्यावर मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशापासून जी प्रमाण मराठी घडत गेली ती ब्राह्मण शास्त्र्यांच्या मदतीने. या तिघांच्या मिश्रणातून ठाण्याची भाषा तयार झाली. गंमत अशी की आबांची फिर्याद लिहून घेणारा हवालदार आमच्याच बाजूचा होता. चहा मागवताना, शेजारच्या शिपायाशी बोलताना तो अहिराणीच बोलत होता. आबांचे प्रत्येक वाक्य त्याला समजले होते. पण लेखणी उचलली की त्याच्या हाताला एकच भाषा येत होती. तो लबाड होता असे मी म्हणत नाही. त्याला जसे शिकवले तसे त्याने लिहिले. धक्का ‘लागला’ असे लिहिले तर गुन्हा ढिला होईल, म्हणून बिचाऱ्याने आमच्या भल्यासाठीही ‘मारला’ लिहिले असेल. त्याच्या त्या भलेपणानेच आबा पिंजऱ्यात खोटे ठरले.

आता अहिराणी म्हणजे काय, याचा विचार केला पाहिजे, कारण सगळे त्यावरच अडते. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीत खानदेशीला मराठीच्या खंडात जागा दिली नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात ती भिल्ली भाषांबरोबर येते. आपले अनेक मराठी पंडित मात्र ती मराठीचीच बोली मानतात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे अठरा लाखांहून अधिक आणि भिल्ली सांगणारे एक कोटीहून अधिक भरले. दोन्हींपैकी एकीलाही घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान नाही. हा वाद प्राध्यापकांपुरता राहिला असता तर मला त्याचे काही वाटले नसते. पण तो न्यायालयात साक्षीदाराच्या अंगावर येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७७ व्या कलमात सोय होती की, साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच भाषेत टिपून घ्यावे, नाही तर खरे भाषांतर करावे. सोय चांगली आहे. पण तिचा फायदा तमिळ बोलणाऱ्याला मिळेल, गुजराथी बोलणाऱ्याला मिळेल. अहिराणी बोलणाऱ्याला कसा मिळणार? तो ‘दुसरी भाषा’ बोलत नाही, तो ‘अशुद्ध मराठी’ बोलतो असे सगळे धरून चालतात. भाषांतर होते, पण त्याला भाषांतर म्हणत नाहीत.

शुद्ध-अशुद्धाचा हा खेळ किती घातक आहे ते व्याकरणातच दाखवतो. अहिराणीत ‘मी सांगस, तू सांगस, तो सांगस’, क्रियापद एकच. मराठी कानाला शेवटचा ‘स’ म्हणजे ‘तू’. नाव न घेता ‘मंग सांगस’ म्हटले की परगावच्या ऐकणाऱ्याला वाटते हा समोरच्याविषयी बोलतो आहे. ‘पडना’ म्हणजे ‘पडला’, पण हिंदी कानाला तो पडण्याचा विचार वाटतो. ‘ळ’चा आमच्याकडे ‘य’ होतो, डोळ्याचा डोया होतो, नळाचा नय होतो. हे हसण्याचे विषय म्हणून नाटकांतून आपण पाहिले आहेत. कोण पडला, कुणी सांगितले, कुठे उभा होता, एवढ्यावरच जिथे माणसाची सुटका किंवा शिक्षा ठरते तिथे हे हसण्यासारखे नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला गेलो की प्रश्न आणखी बिकट होतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत पावरी बोलणारी वस्ती आहे, साक्रीच्या पश्चिमेला कोकणी आणि मावची. अहिराणी निदान हवालदाराला समजते, पावरी पुष्कळदा कुणालाच समजत नाही. मग जो सापडेल तो दुभाष्या. तो कोण आहे, कुणाच्या बाजूचा आहे, सावकाराचा माणूस आहे की जंगल खात्याचा, याची त्या कागदावर खूण उरत नाही. कागद वाचणाऱ्याला वाटते पावरा बाई स्वतःच ‘सदर इसमास मी नावानिशी ओळखते’ असे म्हणाली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मारले गेले ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी, भटके, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. तिथे जे घडले त्याला अफवा कारण होती, भाषा नव्हे. पण त्या दिवशी काय घडले याच्या आठवणी ज्या बोलींत लोकांच्या मनात बसल्या असतील त्या अनेक, आणि ठाण्याच्या कागदाची भाषा एक.

आमच्या बोलीची पोलिसांनी कधी दखलच घेतली नाही असे मात्र नाही. घेतली, पण कशी? मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातल्या केनेडी साहेबाने १९०८ साली ‘गुन्हेगार वर्गां’विषयी एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात जातीजातींची राहणी, पेहराव आणि बोलण्याची ढब ओळखीची खूण म्हणून नोंदलेली आहे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही लागू झाला; १९५२ साली तो गेला. म्हणजे पारध्याची बोली कशासाठी टिपायची? त्याचे म्हणणे समजावे म्हणून नव्हे, तो चटकन ओळखू यावा म्हणून. इकडे ग्रिअर्सनच्या पाहणीत काही बोलींचा नमुना म्हणून आरोपीचा जबाब छापलेला सापडतो. भाषाशास्त्राला जबाब बोलीत हवा होता, न्यायाला नको होता.

आता कायद्याकडे येऊ. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्याने ग्राह्य धरला नाही. इंग्रजांचाच आपल्या पोलिसांवर विश्वास नव्हता, हे इथे ध्यानात घ्यावे. तपासात घेतलेला साक्षीदाराचा जबाब, म्हणजे जुने १६१ कलम, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही आणि तो पुरावा म्हणून वापरायचा नाही, असे १६२ वे कलम सांगत होते. फक्त एका कामाला तो चालतो : साक्षीदाराला खोडून काढायला. १९५९ साली तहसीलदार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जबाबातल्या गाळलेल्या गोष्टींचा विचार केला, आणि १९७३ च्या संहितेने स्पष्टीकरणच जोडले की, महत्त्वाची गोष्ट जबाबात नसेल तर तीही विसंगती धरता येईल. हे नियम आरोपीच्या रक्षणासाठी आहेत. आपलीही पोरे खोट्या गुन्ह्यांत अडकतात, त्यामुळे ते मोडा असे मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे, की कागदावरचे शब्द साक्षीदाराचे आहेत. खानदेशात ते नसतात. हवालदाराने शब्द बदलले तर ती साक्षीदाराची विसंगती, हवालदाराने शब्द गाळले तर ती साक्षीदाराची गाळणूक. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, १६१ चे १८० झाले आणि १६२ चे १८१ झाले. आकडे बदलले, गृहीत तेच राहिले.

अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत याची सर्वांत जास्त झळ लागते. १९८९ च्या कायद्यात जातीवरून अपमान हा गुन्हा आहे, आणि तो लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो. अपमान हा शब्दांनीच होतो. मग शब्दच टिपले नाहीत तर उरले काय? गावात जातीचे नाव सरळ घेतातच असे नाही. एखादा हेल, एखादे टोपणनाव, हाताचा एक इशारा, आणि ज्याला लागायचे त्याला लागते. ते सगळे बोलीत असते. ‘जातीवाचक शिवीगाळ’ या दोन शब्दांत ते सगळे पुरले जाते आणि चार वर्षांनी वकील विचारतो, कोणते शब्द?

आठवणीचे शास्त्र याविषयी काय सांगते तेही पाहावे. १९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारले, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता; काहींना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरून विचारले. जोरकस शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारले की फुटलेली काच दिसली का, तर त्यांच्यातले ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दाच्या गटातले ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. २००० साली मारियन आणि नायसर यांनी रशियातून अमेरिकेत गेलेल्या द्विभाषिक विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. रशियनमध्ये विचारले की रशियन बोलण्याच्या दिवसांतल्या आठवणी जास्त वर येत, इंग्रजीत विचारले की इंग्रजीतल्या. २०११ साली फॉसी आणि बोरोडित्स्की यांना आढळले की, चुकून घडलेली घटना स्पॅनिश बोलणारे ‘फुटले’ या वळणाने अधिक सांगतात, इंग्रजी बोलणारे ‘त्याने फोडले’ या वळणाने. आणि चुकून घडलेल्या घटनेत करणारा कोण होता हे स्पॅनिशवाल्यांच्या कमी ध्यानात राहते. जाणून केलेल्या कृत्यांबाबत दोघांत फरक नव्हता.

हे वाचताना मला आबांचा ‘धक्का लागना’ आठवला. आमच्या बोलीत सगळे ‘लागते’, ‘पडते’, ‘फुटते’. करणाऱ्याचे नाव न घेता बोलण्याची ही सवय केवळ व्याकरणाची आहे, की पाटलाचे नाव तोंडातून काढू नये या शेकडो वर्षांच्या भयाची आहे? मला दोन्ही वाटते. शास्त्रज्ञांनी दुसरा भाग तपासलेला नाही.

रशियन विद्यार्थ्यांचा अनुभव तर माझ्या वर्गात रोज येतो. एका पावरा मुलीला मी ‘माझे बालपण’ यावर लिहायला सांगितले. तिने मराठीत अर्धे पान लिहिले, शाळा, बाई, वसतिगृह. मग तिच्या मैत्रिणीशी पावरीत बोल म्हणालो, तर तासभर बोलली. मैत्रिणीने मला थोडे थोडे सांगितले : महू वेचायला जाणे, आजीचे मरण, जंगल खात्याच्या माणसाने घेतलेली कुऱ्हाड. ही कुऱ्हाड मराठीत तिला आठवलीच नव्हती. ठाण्यात तिला मराठीत विचारले असते तर ‘काही घडले नाही’ असाच जबाब झाला असता, आणि तो तिच्या दृष्टीने खराही असता.

इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो आपल्याच भूमीतला आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. तिचा अध्यक्ष स्टार्ट हा गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचा अधिकारी, आणि बाबासाहेब तिचे सभासद. १९२९ साली त्या कामासाठी ते खानदेशात आले. बहिष्काराच्या एका प्रकरणाची चौकशी करण्यासाठी चाळीसगावला उतरले आणि धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावी जाऊन परतले. महारवाड्यात नेण्यासाठी टांगा यायला बराच उशीर झाला. निघाल्यावर थोड्याच वेळात टांगा मोटारीवर आदळता आदळता वाचला, आणि पुढे पुलावर उलटून बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. असे का झाले ते आधी त्यांना कळले नाही. खरे विचारल्यावर कळले : महाराला नेणार नाही म्हणून टांगेवाल्यांनी नकार दिला होता, आणि भाड्याने घेतलेला टांगा आपल्यातल्याच एका नवख्याने हाकला होता. साहेबांनी पायी चालावे हे लोकांना सहन होत नव्हते. पुढे बाबासाहेबांनी हे इंग्रजीत लिहिले, आणि १९९० साली ते पुस्तिकारूपाने निघाले.

या प्रसंगाचा मी वेगळाच उपयोग करतो. चौकशी करणारा साक्षात बाबासाहेब, सांगणारे त्यांचेच लोक, मायेने भारलेले, तरी विचारेपर्यंत खरे बाहेर आले नाही. सांगणाऱ्याची अब्रू, लाज, माया आड येते. मग परक्या ठाण्यात, परक्या भाषेत, उभ्याउभ्या विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या तासात सगळे यावे, आणि जे आले नाही ते खोटे समजावे, हा कुठला न्याय?

आपल्या चळवळीलाही मला काही विचारायचे आहे. दलित साहित्याने बोली कथेत आणली, कवितेत आणली, त्यासाठी प्रस्थापितांशी भांडण केले. ठाण्यात बोली न्यावी म्हणून आपण किती भांडलो? अत्याचार झाला की आपले कार्यकर्ते धावतात, हे मोठेच काम आहे. पण अर्ज कोण लिहितो? आपण लिहितो, आपल्या शुद्ध मराठीत, कलमे घालून. मी स्वतः लिहिले आहेत. एका विधवेच्या अर्जात मी ‘माझे मानसिक खच्चीकरण झाले’ असे लिहिले. ती बाई म्हणाली होती की तिला तीन दिवस भाकर गिळली नाही. भाकरीचे वाक्य मी गाळले, कारण ते मला पुरेसे गंभीर वाटले नाही. शिक्षणाने मला प्रमाण मराठी दिली, नोकरी दिली, आणि त्या मराठीची कारकुनीही दिली. त्या हवालदारात आणि माझ्यात फरक एवढाच की, मला पगार महाविद्यालयाकडून मिळत होता.

उपाय अवघड नाहीत. अहिराणी देवनागरीत लिहिता येते. १६१ व्या कलमाने जबाबाची ‘खरी’ नोंद मागितली होती; बोलीत लिहू नका असे कुठेच म्हटले नव्हते. आधी बोलणाऱ्याचे शब्द, मग त्याखाली मराठी, आणि दुभाष्या असेल तर त्याचे नाव, गाव, नाते. ३१ डिसेंबर २००९ पासून जबाबाचे ध्वनिचित्रमुद्रण करता येते, आणि २०१५ च्या दुरुस्तीने अॅट्रॉसिटी कायद्यात १५-अ कलम घालून कार्यवाहीचे चित्रमुद्रण सांगितले आहे. ते मागा. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी फिर्यादीला बरोबर जावे आणि ‘तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ या ओळीपाशी थांबून कागद बोलीत परत वाचून मागावा. अर्धा तास जाईल. हवालदार वैतागेल. जाऊ द्या अर्धा तास.

शेवटी एक गोष्ट, जी मी अजून घरी कुणाला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी नळावर मीही होतो. नऊ वर्षांचा, रिकामी कळशी घेऊन. मी पाहिले. पण मला जे दिसते ते असे : आरोपी दोन्ही हात पुढे करतो आणि आबांना धक्का मारतो. पाहिलेले म्हणून हे दिसते की पाठ केलेल्या फिर्यादीमुळे, ते मला आता कळेनासे झाले आहे. गेल्या दिवाळीत मी आबांना अहिराणीतच विचारले, त्या दिनले काय व्हयनं? आबा बराच वेळ सांगत होते. पाण्याचा आवाज, कुणाची तरी लाल कळशी, पडताना तोंडात गेलेली माती, आणि आपला पोरगा बघतो आहे याची लाज. यातले काहीच फिर्यादीत नव्हते. धक्क्याविषयी विचारले तेव्हा म्हणाले, ‘लागना ना भाऊ. तू व्हता ना तठे. तुले नही दिखनं का?’